रक्त तपासून घे, बाकी नंतर बोलू

ए पोरी,

तुझा मेसेज वाचला. स्लीव्ह, म्हणजे वजनासाठी जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, होऊन तीन वर्षं झाली, नऊ किलो परत चढले, आणि डॉक्टरांना तोंड कसं दाखवू म्हणून दीड वर्ष तू तिकडे फिरकलीच नाहीस. वजनाचं राहू दे. रक्त कधी तपासलंस? बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व?

वजन चढतंच गं थोडं. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांवर लक्ष ठेवून आहेत. तिथे बायपासवाल्यांचं (हृदयाचा नव्हे, वजनासाठीचा जठराचा बायपास) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. तरीही ऑपरेशन करून घेतलेली माणसं न करणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगली. मग तू नापास, हे कुणी ठरवलं?

मीही हेच केलं. बायपासनंतर तिसऱ्या वर्षी काटा वर सरकला आणि मी फॉलोअप सोडला. गोळ्याही. चार वर्षं. मग एकदा जिना उतरताना चप्पल पायातून निसटून वरच राहिली, आणि खाली पोचेपर्यंत मला पत्ता नाही. तळव्यांना काही कळतच नव्हतं. बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनांनी बधिरपणा बराच गेला. डाव्या पायाची बोटं अजून परकीच आहेत. 'चार वर्षांत तिकडून एक फोन नाही,' असं मी घरात ऐकवायचे. नंबर माझ्याकडेही होता.

ऑपरेशन नातेवाइकांपासून लपवलंस, त्यावर मी बोलणार नाही. मीही 'रोज चालते' असंच सांगायचे. बायपासनंतर गोड सोसेना; गणपतीत एका मोदकाने दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, म्हणून 'आज उपास आहे' म्हणायचे. का सांगायचं? हळदीकुंकवात 'पोट कापून बारीक झाली' म्हणणाऱ्यांना माझे गुडघे कुठे दुखत होते? चुकलं असेल. मला अजून तसं वाटत नाही.

पण लॅबवाल्यापासून काय लपवायचंय? बी-१२ शोषायला जठरातून जो घटक लागतो, तो तयार करणारा बराच भाग तुझा कापून टाकलाय. वजन वाढलं म्हणून तो परत उगवत नाही. जुना साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून तर उशिरा कळतं. काटा काहीही दाखवो, वर्षाला एकदा रक्त. कितीदा सांगू?

शनिवारी सकाळी जातेस की मी येऊ बरोबर? रिपोर्टचा फोटो पाठव. काट्याचा नको.