स्ट्रिंग ऑफ हार्ट्स: पावसाळ्यात पानं पिवळी पडणं आणि वरून विरळ होणं

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत. जुलैपासून पानं पिवळी पडून गळताहेत, आणि कुंडीच्या वरच्या भागात नुसत्या काड्या उरल्यात, पानं फक्त खाली लोंबणाऱ्या टोकांना आहेत. एक दिवसाआड पाणी घालता आणि कुंडी ठाण्यातल्या बाल्कनीच्या छताला टांगली आहे, हेही तुम्ही सांगितलंत. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिलं तातडीचं आहे, ते आधी.

पाणी आजपासून बंद करा. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, म्हणजे शास्त्रीय नावाने सेरोपेजिया वुडी, ही वेल दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी आणि झिंबाब्वे या भागातली. वनस्पतिसंग्राहक जॉन मेडली वुड यांना ती १८८१ मध्ये तिकडच्या नाताळ या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत खडकांवरून लोंबताना आढळली. खडकाच्या कपारीत माती मूठभर असते आणि पाऊस पडला की लगेच निथळून जातो. तिथे तग धरायला वेलीने मातीत कंद आणि दोऱ्यासारख्या खोडाच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या गाठी तयार केल्या. पाण्याचा साठा त्यांतच असतो. त्यामुळे कोरड्या मातीत ती बरेच दिवस काढते, पण ओल्या मातीत तिचा कंद कुजतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कुंडी आठवडाभरही वाळत नाही. कोकणपट्टीत ही वेल उन्हाळ्यात तहानेने क्वचितच मरते, पावसाळ्यात लाडाने मरते.

वेल कुंडीतून काढा, माती झटका आणि कंद बोटांनी दाबून पाहा. घट्ट असेल तर काळजी नाही. मऊ, तपकिरी, वास येणारा भाग स्वच्छ ब्लेडने कापून टाका. उरलेला कंद दोन-तीन दिवस सावलीत उघडा ठेवून काप सुकू द्या आणि मगच लावा. नर्सरीची लाल माती परत वापरू नका, ती ओली झाली की घट्ट बसते. दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग मुरलेलं पानखत आणि मूठभर कोळशाचे तुकडे घ्या. परलाइट महाग वाटलं तर विटांचे बारीक तुकडे उत्तम, फक्त त्यातली भुकटी चाळून काढा. कुंडी उथळ हवी, चार-पाच इंचांची पुरते. टांगायच्या प्लास्टिकच्या कुंड्यांना खाली चिकटवलेली बशी असते, ती काढून टाका. मला ती बशी या झाडाची सगळ्यात मोठी शत्रू वाटते.

यापुढे वार ठरवून पाणी घालू नका, पान बघून घाला. मोठं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडा. कडक राहिलं तर थांबा. सहज वाकलं आणि मातीही कोरडी असेल, तर खालच्या भोकांतून वाहीपर्यंत घाला. खत पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीनंतर, महिन्यातून एकदा पाकिटावर सांगितलेल्या निम्म्या प्रमाणात.

आता वरच्या काड्या. छताजवळ टांगलेल्या कुंडीच्या तोंडावर उजेड पडतच नाही, तो फक्त लोंबणाऱ्या टोकांना मिळतो. कुंडी छतापासून हातभर खाली आणा किंवा पूर्वेच्या कठड्याजवळ ठेवा. सकाळचं ऊन तिला मानवतं. मार्च ते मेमधलं दुपारचं ऊन मात्र नको, विदर्भात तर अजिबात नको. उजेड कमी पडला की पानांमधलं अंतर वाढतं आणि त्यांवरची चंदेरी नक्षी फिकी पडते, त्यावरूनही जागा पारखता येते.

उजेड सुधारला तरी उघड्या काडीला लगेच पानं फुटतीलच असं नाही. तिथे दाट करायचा खात्रीचा उपाय म्हणजे लांब वेली उचलून कुंडीच्या मातीवरच गोल गुंडाळणं. पेरं मातीला टेकतील अशी यू-पिनने दाबून ठेवा. साधारण महिन्याभरात प्रत्येक पेराला मुळं धरतात आणि तिथून नवे कोंब येतात. तुमच्या वेलीला गाठी असतील तर त्या अर्ध्या मातीत रुतवा, प्रत्येक गाठ म्हणजे तयार रोप. कंद सगळा कुजला असेल, तरी वरच्या निरोगी वेलीचे तुकडे असेच लावून झाड वाचतं.

वेल रुळली की फुलंही येतील. फिकट गुलाबी नळी, तळाशी फुगीर, टोकाला गडद जांभळट पाकळ्या वर जुळलेल्या. नळीतल्या केसांमुळे आत शिरलेली चिलटं काही काळ अडकतात आणि सुटताना पराग घेऊन जातात. हीच रचना आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची, कारण ती याच कुळातली सख्खी भावंडं. हरिश्चंद्रगडचं सेरोपेजिया लॉई किंवा कासचं सेरोपेजिया जैनाई पावसाळ्यात फुलतं आणि पुढे कंदाच्या रूपाने जमिनीखाली झोपतं. ट्रेकला ती दिसली तर मनसोक्त फोटो काढा, पण कंद कृपा करून उकरू नका. यातल्या कित्येक जाती मोजक्याच जागी उरल्या आहेत आणि बाल्कनीत त्या जगवणं फार अवघड आहे.

नवीन मिश्रणात लावताना पेरं नीट तपासा. रुई आणि कण्हेरीवर येतो तो पिवळा मावा हिच्या कोवळ्या टोकांवरही बसतो, आणि पेरांच्या बेचक्यात मिलीबग या रस शोषणाऱ्या किडीचा पांढरा कापूस दिसतो. थोडा असेल तर ओल्या कापडाने पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. कंद कसा निघाला ते नक्की कळवा, त्यावरून किती कापायचं ते सांगते.