आधी गल्लीतला दिवा, मग पोर्टल

अगं, गावात लोकांना सरकारी माहिती वाचायला शिकवायला निघालीस, तर पहिल्याच सभेत 'खुला सरकारी डेटा', म्हणजे सरकारने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली माहिती, असं काही बोलू नकोस. लोकांच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूपासून सुरुवात कर.

ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलंस की ग्रामपंचायतीचा कामांचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा, म्हणजे केंद्राकडून गावाला मिळणाऱ्या पैशांचा, खर्च दिसतो. त्यातली चार-पाच कामं मोठ्या अक्षरांत एका कागदावर उतरव आणि तो पिठाच्या गिरणीत लाव. पारापेक्षा गिरणी बरी, कारण दळण होईपर्यंत बायका तिथेच थांबतात, आणि गल्लीत काय झालं, काय नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. एका गावात एका आजींनी नातीकडून कागद वाचून घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा दिवा आमच्याकडं लागलाच नाही." चौकशी केली तर दिवा शेजारच्या गल्लीत लागलेला होता. म्हणून सांगते, 'घोटाळा' हा शब्द घाईने वापरू नकोस. आधी जागेवर जा, फोटो काढ, ग्रामसेवकांना विचार. एकदा खोटा आरोप झाला की पुढचा कागद कुणी वाचत नाही.

माहिती अधिकार कायदा २००५चं कलम ४ मात्र पाठ कर. माहिती न मागता जाहीर करणं कार्यालयांवर बंधनकारक आहे, हे ऐकलं की माणसं सरसावून बसतात.

आता १ मेची ग्रामसभा धर. त्याआधी पंधरा दिवस कागद गिरणीत लागलेला असू दे.