मुलगा उपासनेला येत नाही, आजी फोनवर विचारते

प्रिय ताई,

नवापूरच्या घरी पणजोबांपासून चालत आलेला ख्रिस्ती विश्वास मुलाने इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नाकारला, याचं दुःख करणं म्हणजे आपलाच विश्वास कमी पडणं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात प्रेषित पौल आपल्याच लोकांसाठी सतत जीव तुटत असल्याचं सांगतो. येशूही यरुशलेम पाहून रडला. तुम्हीही मोकळेपणी रडा. पण ते रडणं मुलावर लादू नका. ‘तुझ्यामुळे मला झोप लागत नाही’ असं रोज ऐकलं, तर तो चर्चच नव्हे, घरही टाळू लागेल.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची आई कित्येक दिवस जेवली नव्हती, हे तुम्हीच लिहिलंय. त्या माउलीलाही पोरगं हातचं गेल्यासारखं वाटलं असेल. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या होत्या. पुढे त्या आपला धर्म सांभाळत टिळकांसोबत राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. तुमच्या मुलाचंही तसंच होईल, असं वचन मी देऊ शकत नाही. पण मधल्या काळात दोघांनी एकमेकांना जागा दिली होती, तेवढं तुमच्या हातात आहे.

आता सासूबाईंचं. ‘नातू उपासनेला गेला का?’ या प्रश्नाला खोटं उत्तर नको, आणि त्याच्या वतीनं सगळं उलगडूनही सांगू नका. ‘आई, ते त्यालाच विचारा,’ म्हणा आणि फोन त्याच्याकडे द्या. मात्र त्याला आधी कल्पना द्या. नाताळात नवापूरला जाल, तेव्हा चर्चमध्ये यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या. आला, तर आजीसाठी आला असं समजा. प्रभुभोजन (उपासनेतला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घेण्याचा आग्रह नको, घरी आल्यावर उलटतपासणीही नको. भाकरी-भरीत खाताना त्याच्या नोकरीबद्दल, मित्रांबद्दल विचारा. तो बोलेल.

तुमचं मन मात्र कुठेतरी हलकं व्हायला हवं. चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या बाईबरोबर आठवड्यातून एकदा प्रार्थनेला बसा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव प्रार्थनेसाठी टाकू नका. टाकलं असेल, तर आजच काढा आणि त्याला तसं सांगा.