सोळा तासांचा उपास आणि इंदूरहून येणारे सासू-सासरे

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका सुनेनं विचारलंय. ती आणि नवरा दोघं मागच्या वर्षापासून १६-८ करतात, म्हणजे १६ तास पोटात काही नाही आणि उरलेल्या ८ तासांत जेवण, दुपारी १२ ला पहिला घास आणि रात्री ८ ला शेवटचा. दोघांचंही वजन उतरलंय, बरं वाटतंय. आता सासू-सासरे इंदूरहून सहा महिन्यांसाठी येतायत. सून सकाळी उपाशीपोटी ऑफिसला जाते हे सासूबाईंना बघवत नाही, सासऱ्यांनी फोनवरच जाहीर करून टाकलंय की मीही तुमच्याबरोबर करणार, माझी शुगर त्यानं जाईल, आणि १३ वर्षांची मुलगी म्हणते मलाही सकाळचं नको. काय करू?

अगं, आधी सासऱ्यांचं बोलू या, कारण बाकीचं सगळं नंतर सावरता येतं.

शुगरची गोळी चालू असलेल्या माणसानं आपल्या मनानं १६ तास उपाशी राहायचं नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी, पण आपल्याकडे एकाच गोळीत दोन-दोन तीन-तीन औषधं असतात, घरचे सांगताना म्हणतात बाबा मेटफॉर्मिन घेतात आणि पाकीट उलटून बघितलं की बारीक अक्षरात ग्लिमेपिराइड नाहीतर ग्लिक्लाझाइड लिहिलेलं सापडतं. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही याची वाट बघत नाहीत, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावतातच, मग गोळी सकाळी घेतली आणि जेवण १२ वर ढकललं की घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ, आणि वयस्कर माणसांत तर कधीकधी काही कळायच्या आत माणूस बाथरूममध्ये पडलेला असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. आणि ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी फ्लोझिन येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्यांचा धोका वेगळाच आहे, त्यात लांबलचक उपास केला तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू शकतात आणि हे शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही होतं, त्यामुळे घरात कोणाला शंकाच येत नाही, उलट्या होतायत तर प्रवासाचं अपचन असेल असं वाटत राहतं.

म्हणून ते विमानात बसायच्या आधीच, इंदूरच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की जेवणाच्या वेळा बदलल्या तर कुठली गोळी कधी आणि किती. प्रिस्क्रिप्शनवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावं तिकडच्या फार्मसीत कोणाला कळत नाहीत. सगळ्या पाकिटांचे फोटो तुझ्या फोनमध्ये राहू दे.

अजून एक गोष्ट, जी ऐनवेळी फार घोटाळा करते. सासऱ्यांचं इंदूरहून आणलेलं मशीन शुगर मिलिग्रॅममध्ये दाखवणार आणि कॅनडात सगळे मिलिमोलमध्ये बोलणार. तिकडच्या नर्सनं ७ सांगितलं की बाबा घाबरतात, इतकी कमी कशी! तर मिलिमोलच्या आकड्याला १८ नं गुणायचं, ७ म्हणजे १२६. आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लाव की ३.९ म्हणजे ७०, त्याच्या खाली गेलं की उपास-बिपास काही नाही, माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून नाहीतर अर्धा कप ज्यूस द्यायचा, १५ मिनिटांनी परत तपासायचं. माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नको, सरळ ९११ लाव. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्यांनाही हाच हिशोब, तिकडेही मिलिमोल, पण ९११ च्या जागी तातडीचा नंबर ज्याच्या त्याच्या देशाचा. अमेरिकेत मात्र आपल्यासारखंच मिलिग्रॅम.

मग सासऱ्यांनी काहीच करायचं नाही का, तर तसं नाही. डॉक्टर हो म्हणाले तर संध्याकाळी ७ ला जेवण आणि सकाळी ७ ला नाश्ता, मध्ये दूध नाही बिस्किट नाही सेव नाही, एवढं केलं तरी आपल्या इंदूरच्या माणसासाठी तो मोठा बदल आहे. जेवण झाल्यावर १५-२० मिनिटं चालायचं. बाहेर बर्फ असेल तर मॉलमध्ये.

आता तुमच्या १६-८ बद्दल. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं आणि आता स्वतः १४-१० करते, सकाळी ९ ते संध्याकाळी ७. माझा अनुभव असा की पहिला आठवडा डोकं जड राहतं, ते बरंचसं चहाच्या वेळा बदलल्यामुळे, आणि पाणी कमी पडलं की पोट साफ होत नाही, ॲसिडिटी वाढते. नंतर बसतं अंगवळणी. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो रात्री ७ नंतरचं खाणं बंद झाल्यामुळे. आमच्याकडे इंदूरला रात्रीचं जेवण ९ ला, मग टीव्हीसमोर वाटीभर सेव, मग कोणीतरी म्हणतं चला सराफ्यात, आणि तिथे तर सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर खाणं सुरू होतं ते मध्यरात्रीनंतरपर्यंत. हे सगळं आपोआप बंद झालं. झोप सुधारली, सकाळी पोट हलकं. कमरेचा पट्टा सैल झाला, वजन मात्र हळूहळूच उतरलं.

आणि माझ्याच ओळखीत एक जण आहे त्याचं ग्रॅमभरही हललं नाही. कारण १२ वाजले रे वाजले की तो समोर येईल ते खातो, उपास केलाय म्हणून दोन पोळ्या जास्त, गोड जास्त.

यात जादू नाही हे मनात पक्कं ठेव. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभराचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, सगळ्यांना खाणं मोजून कमी दिलं, निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायला सांगितलं, वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं आणि नुसतं कमी खाणाऱ्यांचं ६.३, आणि हा फरक इतका थोडा की तो वेळेमुळेच पडला असं म्हणता येत नाही. म्हणजे घड्याळाचा फायदा मुख्यतः हाच की खाणं कमी होतं. ज्याला मोजून खायचा कंटाळा त्याला घड्याळ सोपं पडतं, माझ्यासारखीला तेच बरं. आणि ते पेशींची साफसफाई १६ व्या तासाला सुरू होते म्हणून जे फिरत असतं ना, त्या साफसफाईच्या शोधाबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं ते काम यीस्टवरचं होतं, माणसाच्या अंगात अमुक तासाला बटण दाबलं जातं असं त्यातून निघत नाही. तेव्हा १५ तास झाले आणि सासूबाईंनी ताट वाढलं तर खुशाल जेव.

माझा खरा सल्ला हा आहे की वेळ उलटी करा. तुम्ही १२ ते ८ करता, त्याऐवजी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ किंवा ७. सकाळी-दुपारी शरीर साखर जास्त चांगली हाताळतं, तेच जेवण रात्री उशिरा घेतलं की शुगर जास्त चढते. २०१८ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ८ पुरुषांना दुपारी ३ च्या आत सगळं खाऊन घ्यायला लावलं होतं, पाच आठवड्यांत वजन न घटताही इन्सुलिनचं काम आणि ब्लड प्रेशर सुधारलं. माणसं फक्त ८ आणि दुपारी ३ ला जेवण आटपणं कोणत्याही घरात जमणार नाही, मला मान्य आहे, पण दिशा कळते. आमच्या शेजारच्या जैन काकू जन्मभर सूर्यास्ताच्या आत जेवत आल्यात, त्यांच्या घरात साडेसहाला स्वयंपाकघर आवरलेलं असतं, लग्नकार्य असलं तरी. इंदूरमध्ये हे आपल्यासारख्यांना कठीण जातं, तिकडे सोपं आहे, तुमच्याकडे शाळेची मुलं ६ ला जेवतात, ऑफिसातले लोक ६ ला जेवतात.

आणि असं केलं की बघ काय होतं, संध्याकाळी सगळं घर एका टेबलाशी बसतं. सासऱ्यांच्या गोळीची वेळ सांभाळता येते, मुलगी आई-बाबांना जेवताना बघते, आणि सासूबाईंनी केलेले पोहे ९ वाजता तुझ्या पोटात जातात. डब्यात घेऊन जा, ऑफिसात खा. त्यांचं दुखणं सून डाएट करते हे नाहीच गं, आपण पहाटे उठून करतो आणि कोणी खात नाही हे आहे. परक्या देशात त्या बाईला दिवसभर दुसरं काय काम आहे! त्यांना उपास समजावून सांगायची गरजच नाही, चतुर्थ्या आणि एकादश्या करत त्यांचं आयुष्य गेलंय, आपल्याहून जास्त वेळ त्या उपाशी राहिल्यात आणि वर सगळ्या घराचा स्वयंपाक केलाय. त्यांना फक्त विचार की आई, मला सकाळी ९ ला खायला काय द्याल ज्यानं दुपारपर्यंत भूक लागणार नाही.

काय द्यावं तर प्रोटीन. वेळ कमी झाली की आपल्या शाकाहारी ताटातून पहिलं तेच गळतं आणि मग चरबीबरोबर स्नायूही उतरतात, वजनकाटा खूश आणि जिना चढताना पाय दुखतात. साधारण तब्येतीच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं म्हणणं आहे, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. वाटीभर वरणात ६-७ असतं, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. नुसत्या पोह्यात फारसं काही नाही, पण आपल्याकडे उसळ-पोहे करतात ना, ते करा, मोड आलेली मटकी भरपूर आणि पोहे कमी, वर जीरावन मसाला आणि कांदा-लिंबू, सेव चिमूटभर. तिकडचं घट्ट ग्रीक दही साखर न घातलेलं मिळतं, ते तर फारच उत्तम, कोशिंबिरीत घाला, कढी करा.

आणि साबूदाणा खिचडीला यात मोजू नका कृपा करून. सुटकेसमधून फरियाली मिक्स्चरची पाकिटं येणारच आहेत, मला माहितीये, पण साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि वर बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट आणि तूप. देवाचा उपास असेल तर श्रद्धेनं करा, आवडते म्हणून खायची असेल तर दुपारी आवडीनं खा. वजन कमी करायचा उपास म्हणून रात्री ९ ला चंद्रोदयानंतर खिचडीची ताटली, हे नको.

चहा. दूध-साखरेचा चहा घेतला की उपास मोडतो, सोपं आहे. ९ च्या आत काळी कॉफी किंवा कोरा चहा चालतो, पण रिकाम्यापोटी ज्यांना जळजळ होते त्यांनी तोही घेऊ नये. सासूबाईंना थायरॉइडची गोळी असेल तर ती उठल्याबरोबर पाण्याबरोबर, मग निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब.

मुलीचं मात्र ठाम सांगते, १३ वर्षांच्या मुलीला उपासाचं वेळापत्रक नाही. तिची उंची वाढतेय, पाळी नुकतीच सुरू झाली असेल किंवा व्हायची असेल. या वयात मुली शाळेत एकमेकींच्या कमरा बघत असतात आणि जेवण टाळायला त्यांना आई-बाबांचा उपास हे तयार कारण मिळतं. तिच्यासमोर वजनाचे आकडे बोलणं बंद करा, तू आणि नवरा दोघांनीही, आणि आजीला पण सांगून ठेव की बारीक झालीस जाड झालीस हे नातीला म्हणायचं नाही, आपल्याकडे सहज म्हणतात पण पोरींच्या मनात ते राहून जातं. लपूनछपून जेवण टाकायला लागली, खाल्ल्यावर लगेच बाथरूममध्ये जायला लागली तर वाट बघू नका, फॅमिली डॉक्टरकडे न्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आधीच किरकोळ वजनाच्या किंवा खाण्यावरून मनाचा आजार होऊन गेलेल्या कोणीही हे करायचं नाही.

डिसेंबरमध्ये तुम्ही इंदूरला येता तेव्हाचंही विचारलंयस. गराडूचे म्हणजे तळलेल्या कंदाचे दिवस, भुट्ट्याचा कीस, रोज कोणाचं तरी रिसेप्शन आणि तिथे ९ च्या आधी ताट हातात येत नाही. अगं, त्या तीन आठवड्यांत घड्याळ सोडून दे. विमानातून उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस तर मुळीच उपास करू नका, इथल्या उजेडाप्रमाणे वेळेवर खा, शरीराचं घड्याळ लवकर जुळतं. सराफ्यात जायच्या दिवशी दुपारचं जेवण हलकं घ्या, तिथे एक प्लेट दोघांत घ्या, दुसऱ्या दिवशी नाश्ता उशिरा करा. परत गेल्यावर पुन्हा ९ ते ७.

आणि तुझ्यापुरतं एक, कारण हे बायका कोणाला सांगत नाहीत. वजन फार भराभर उतरू देऊ नको, पित्ताशयात खडे होण्याचं ते एक कारण आहे. काट्यापेक्षा कंबर मोज, आपल्या लोकांसाठी बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत हवी. आणि पाळी मागेपुढे व्हायला लागली, केस गळायला लागले, सारखी थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली तर १६ चे १२ तास कर त्याच दिवसापासून, आणि महिन्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे.