शेक्सपिअरच्या घराचे दोन कागद

प्रश्न : आमच्या भागात घर विकले की खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवतात, शेत असेल तर पुढे पटवाऱ्याकडे फेरफार होतो. शेक्सपिअरने स्ट्रॅटफर्ड गावातील ‘न्यू प्लेस’ हे घर १५९७ मध्ये विकत घेतले आणि १६०२ मध्ये त्याच व्यवहाराचा दुसरा कागद करून घेतला, असे वाचले. तेव्हा नोंदणीची कचेरी होती का? आणि एका घरासाठी दोन कागद कशाला?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अशी कचेरी नव्हती, म्हणून लोकांनी न्यायालयालाच त्या कामाला लावले होते. घर घेणारा वेस्टमिन्स्टरच्या कॉमन प्लीज न्यायालयात विकणाऱ्यावर दावा लावी. दोघांचे आधीच ठरलेले असे, त्यामुळे निकालापूर्वीच तडजोड होई आणि विकणारा ‘हे घर याच्याच हक्काचे आहे’ असे कबूल करी. या पद्धतीला ‘फाइन’ म्हणत. तडजोडीचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून ते नागमोडी कापत. दोन तुकडे दोन्ही पक्षांना मिळत आणि खालचा न्यायालयात राही. तो तुकडा इतर दोहोंशी जुळवून पाहता येत असल्याने खोटा कागद पुढे करणे कठीण होते. विकणारा विवाहित असेल तर त्याच्या पत्नीलाही पक्षकार करीत, कारण विधवेला नवऱ्याच्या जमीनजुमल्याच्या एक-तृतीयांश भागावर हयातभर हक्क असे. तिची संमती खरी आहे का, हे नवऱ्याला बाजूला ठेवून विचारले जाई. चारशे वर्षांपूर्वीची ही दक्षता मला फार मोलाची वाटते.

न्यू प्लेसच्या फाइनमध्ये साठ पौंड लिहिले आहेत. अशा कागदांतील रक्कम पुष्कळदा केवळ रीतीपुरती असे, तेव्हा तीच खरी किंमत समजू नये.

आता दुसऱ्या कागदाविषयी. घर विकणारा विल्यम अंडरहिल विक्रीच्याच वर्षी, १५९७ च्या जुलैमध्ये, विषप्रयोगाने मेला. विष देणारा त्याचा थोरला मुलगा फुल्क होता. त्याला १५९९ मध्ये फाशी झाली आणि मालमत्ता सरकारजमा झाली. धाकटा हर्क्युलिस तेव्हा अज्ञान होता. १४८९ च्या कायद्याप्रमाणे फाइनची न्यायालयात जाहीर घोषणा झाल्यावर पाच वर्षांत दावा न करणाऱ्याचा हक्क बुडत असे, पण अज्ञानाला ती मुदत सज्ञान झाल्यापासून मिळे. अशा घरात पुढे कोणी हक्क सांगू लागला तर काय, ही शंका कोणत्याही खरेदीदाराला आली असती. १६०२ मध्ये हर्क्युलिस सज्ञान झाला, वडिलांची मालमत्ता त्याच्याकडे आली, आणि शेक्सपिअरने लगेच त्याच्याकडून नवा फाइन करून घेतला. आपल्याकडे वाटणीचे घर घेताना अज्ञान भावाच्या हिश्शाविषयी जी धास्ती असते, तीच येथे होती.