जुनी हँडमेड आर्चटॉप घेऊ का?

प्रश्न: ओळखीतले काका त्यांची हाताने बनवलेली आर्चटॉप (वरचा भाग व्हायोलिनसारखा फुगीर असलेली) गिटार विकतायत, आवाज मस्त आहे पण ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) हलतो, घेऊ का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: अरे ब्रिजचं टेन्शन नको घेऊस, आर्चटॉपचा ब्रिज चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबावर बसतो, व्हायोलिनसारखा. बघायचं ते वरचं लाकूड, ब्रिजखाली दबलंय का, आणि एफ-होलच्या, म्हणजे वरच्या f आकाराच्या भोकांच्या, कडेला नीट बघ, थर दिसले तर ते प्लाय आहे, कोरलेलं नाही, मग हँडमेडचा भाव कशाला द्यायचा? आत मोबाइलचा टॉर्च मार, वर टकटक कर, खरखर आली तर बहुतेक ब्रेस (आतली आधाराची पट्टी) सुटलाय, तो चिकटवता येतो. पण ब्रिज पूर्ण खाली करूनही तारा उंचच असतील तर नेक रीसेटचं, म्हणजे गिटारचा दांडा काढून नीट कोनात परत बसवायचं, काम निघणार, ते महागडं, तेवढे पैसे काकांनी कमी केले तरच घे, ओळख बिळख बाजूला ठेव. आणि मे महिन्यात केसबाहेर ठेवू नकोस, आपल्याकडच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं.