रेती टाकावी की तळ उघडा ठेवावा? समुद्री टाकीचे प्रश्न

प्रश्न : तीन फुटी रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री माशांची) मांडतोय. नागपूरचा दुकानदार म्हणतो चार इंच रेती टाका, माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट आपोआप जातं. मित्र म्हणतो काच उघडीच ठेव. कोणाचं ऐकू? (दारव्हा)

दुकानदार खोटं सांगत नाही. बारीक रेतीचा थर दहा-पंधरा सेंटिमीटर असला की तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. पण वरच्या थरातली जिवाणूंची सगळी वस्ती पाण्यातला ऑक्सिजन खात असते. पंप चालू आहे तोवर हे जाणवत नाही. मे महिन्यात भरदुपारी लाइन गेली की जाणवतं. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे जेमतेम ६.७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर ६.२. त्यात मासे, प्रवाळ आणि ती रेती, सगळेच वाटेकरी.

म्हणून आपल्याकडे हा निर्णय वीज पाहून करावा. लोडशेडिंग तासन्‌तास चालत असेल आणि टाकीला इन्व्हर्टर नसेल, तर तळ उघडा ठेवा, शिवाय बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. इन्व्हर्टर असेल तर दोन-तीन सेंटिमीटर अ‍ॅरागोनाइट (चुनखडीसारखी, कॅल्शियम कार्बोनेटची) रेती खुशाल टाका. चार इंच मात्र नको.

उघड्या तळाचा फायदा आयता मिळत नाही, हेही ऐका. वेव्हमेकरचा (टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाचा) झोत तळावरून फिरला पाहिजे, नाहीतर घाण दगडांच्या आडोशाला साचते. रेती असली की एवढा झोत मारता येत नाही, खड्डे पडतात.

जाता जाता : दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी ‘हार्ड कोरल’ स्वस्तात देतो म्हणाला, तर घेऊ नका.

प्रश्न : कन्हानची रेती घरी पडली आहे. धुऊन टाकली तर? (रामटेक)

स्लॅबला उत्तम, टाकीला नको. मूठभर रेतीवर व्हिनेगर ओता. फेस येणार नाही, कारण ती सिलिकाची आहे. सिलिका पाण्यात फारशी विरघळत नाही, तेव्हा भीती तिची नाही. सोबत येणाऱ्या लोहाच्या काळ्या कणांची आहे. लोहचुंबक फिरवून बघा, किती चिकटतात ते दिसेल.

याच्या उलट, अ‍ॅरागोनाइट टाकलं की पीएच आपोआप सांभाळला जातो, हीही दुकानातली गोष्ट. पाण्याचा पीएच ८ च्या वर असताना ते जवळपास विरघळतच नाही. अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) तुम्हालाच मोजावी आणि राखावी लागते.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी खारंच आहे. मिठाचा खर्च वाचेल का? (मूर्तिजापूर)

नाही. खारपाणपट्ट्यातलं पाणी खारट असलं तरी समुद्राचं नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. विहिरीत ते प्रमाण जुळणार नाही. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळा आणि खारेपणा किलोमागे ३५ ग्रॅमवर आणा. विहिरीच्या पाण्याने आरओचं मेम्ब्रेन (आतली गाळणी) लवकर संपेल, विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर बघत राहा. उन्हाळ्यात टाकीचं पाणी झपाट्याने उडतं. त्याची भर नुसत्या आरओच्या पाण्याने करायची, मिठाच्या नाही.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी जाड रेती टाकली होती. आता तळाशी काळे पट्टे दिसतात, हात लावला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. येत्या रविवारी सगळी काढून टाकू का? (चिखली)

मासे टाकीत असताना तर मुळीच नाही! तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. एकदम ढवळलंत तर तो वायू आणि साचलेली घाण एकाच वेळी पाण्यात येईल, आणि सकाळी मासे उलटे दिसतील.

घाई नसेल तर पाणी बदलताना नळीने तळाचा पाचवा भाग ओढून घ्या. ते पाणी फेकून द्या, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा, टाकीत अशुद्धी शोषणारा कार्बन टाका. पंधरा दिवसांनी पुढचा भाग. मधे अमोनिया तपासा. ज्यांना हे रटाळ वाटतं, त्यांनी नव्या खाऱ्या पाण्याचे ड्रम भरून मासे आणि दगड त्यात हलवावेत, मग टाकी पूर्ण रिकामी करावी. उपयोगी जिवाणू दगडांवरही भरपूर असतात, त्यामुळे टाकी पुन्हा शून्यावर येत नाही. जुनी रेती धुऊन परत वापरू नका.

मात्र आधी बघा, दगड कशावर उभे आहेत. रेतीवर असतील तर ती निघताच ढीग कोसळतो आणि काच फुटते. दगड थेट काचेवर, नाहीतर तळाशी अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेवून बसवा. आणि हे काम डिसेंबर-जानेवारीत काढा. तेव्हा पाणी उन्हाळ्यासारखं तापत नाही, म्हणून ऑक्सिजन जास्त असतो; फार गार होऊ नये म्हणून हीटर लावला की झालं.

प्रश्न : लेकीला रॅस मासा हवा आहे, पण आमचा तळ उघडा आहे. क्लाउनफिश मात्र मजेत आहेत. (उमरेड)

क्लाउनफिशला रेतीची गरज नाही. पण हॅलिकोअरिस जातीचे रॅस रात्री रेतीत शिरून झोपतात, भ्यायले तरी तिथेच घुसतात. त्यांच्यासाठी काचेचा केकचा ट्रे पाच-सहा सेंटिमीटर बारीक रेतीने भरून दगडाआड ठेवा. रेती खराब झाली की ट्रेच उचलता येतो. जॉफिश मात्र घेऊ नका, त्याला बीळ खणायला खोल रेती आणि दगडाचे तुकडे लागतात. रॅस उड्या मारतो, म्हणून वर झाकण हवंच, पण काचेचं नको. त्याने उन्हाळ्यात पाणी तापतं, जाळीच बसवा.